दोन-दहावर थांबलेलं घड्याळ

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्या घरी वेळ विचारायची पद्धत नव्हती. वेळ ऐकू यायची. पहाटेची पॅसेंजर सुटली की आई उठायची, यार्डात डब्यांची ठोकाठोक सुरू झाली की स्टोव्हला पिन मारायची आणि मनमाडकडची गाडी शिट्टी देऊन वळली की मी आणि माझी थोरली बहीण शालन यांना शाळेला उशीर झालेला असायचा. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. त्यांचं काम आवाज ऐकण्याचं होतं. फलाटावर गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन ते डब्यांच्या कडेनं चालत जायचे आणि प्रत्येक चाकाला एकेक ठोका द्यायचे. धड चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. ही सवय ते ड्यूटीवर सोडून येत नसत. मडकं, कलिंगड, भिंतीचा गिलावा, नव्या शेजाऱ्यानं दिलेलं आश्वासन, काहीही असलं तरी ते आधी ठोकून बघत. परीक्षेचा निकाल लागला की आमच्या डोक्यावर टिचकी मारून कान पुढं करत आणि आईला सांगत, "थोरलीचं वाजतंय. धाकटीचं अजून बद्दच हाय." धाकटी मी.

अशा माणसाकडे एक मनगटी घड्याळ होतं आणि ते त्यांना लग्नात मिळालेलं होतं. आमच्याकडे वधूपित्यानं नवरदेवाला अंगठी आणि घड्याळ द्यायची रीत. आईचे वडील शिरूरचे, घोडनदीच्या काठी त्यांची जमीन. त्यांनी मुलाला, म्हणजे आईच्या धाकट्या भावाला, खास पुण्याला पाठवून घड्याळ आणवलं होतं. पांढरी तबकडी, बारीक निळसर काटे, रोज चावी द्यायची. ड्यूटीवर ते न्यायला आप्पांचा जीव व्हायचा नाही. ते स्वयंपाकघराच्या दारावरच्या फळीवर, घडी केलेल्या हातरुमालावर असायचं आणि फक्त लग्नकार्य, पगार आणि दवाखाना या तीन प्रसंगी मनगटावर चढायचं. रोज सकाळी चहाआधी मात्र त्याला चावी दिली जाई. आप्पा दोन बोटांनी ती फिरवत आणि ओठ हलवत मोजत. चौदा. पंधरावा वळसा त्यांनी कधी दिला नाही. जास्त चावी दिली की स्प्रिंग तुटते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. कुणी, ते त्यांना आठवत नव्हतं. अशी माहिती माणसं सर्वांत निष्ठेनं पाळतात, हे पुढं वृत्तपत्रात तीस वर्षं काढल्यावर माझ्या लक्षात आलं.

मी सहा वर्षांची असताना, दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत, ते घड्याळ बंद पडलं. सकाळी आप्पांनी उचललं तेव्हा काटे दोन वाजून दहा मिनिटांवर होते आणि आवाज नव्हता. त्यांनी चावी दिली. चौदा वळशांच्या बरंच आधी ती अडली. ते घड्याळ कानाला लावून कितीतरी वेळ उभे राहिले आणि मग रुमालासकट फळीवर ठेवून दिलं. चार दिवसांनी भाऊबीज होती. मामा शिरूरहून आला. त्याचं नाव हरिभाऊ, नुकताच सोसायटीच्या निवडणुकीत निवडून आलेला, त्यामुळे बसतानासुद्धा तो सभेला बसल्यासारखा बसायचा. आईनं मासवड्या केल्या होत्या. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळायच्या, वर झणझणीत रस्सा. हा त्याच्या आवडीचा पदार्थ, आणि तो फक्त त्याच्यासाठीच व्हायचा. तिसऱ्या वडीला मामानं फळीकडं बघून विचारलं की दाजींचं घड्याळ का बंद दिसतंय. पुढचा संवाद मला जवळपास शब्दशः आठवतो, कारण तो नंतर अकरा वर्षं आमच्या घरात एका बाजूनं पुन्हा पुन्हा सांगितला गेला. आप्पा म्हणाले की घड्याळात पहिल्यापासून दम नव्हता, जुनंपानं गळ्यात मारलं असणार. मामाचा घास हातातच राहिला. तो म्हणाला की पुण्याहून आणलेलं कोरं घड्याळ होतं, पण हातोडी मारायच्या हातांनी चावी पिळली तर घड्याळ काय करील. आप्पा ताटावरून उठले. मामाही उठला आणि दारात चपला घालताना त्यानं जाहीर केलं, "ते घड्याळ चालू करून दावा दाजी. मगच म्या दौंडची पायरी चढंन." ओवाळणीचं तबक तयार होतं. निरांजन तेवत होतं. आई ते हातात घेऊन उभी होती.

दोन्ही पक्षांनी शब्द पाळला. आप्पांनी घड्याळ दुरुस्तीला टाकलं नाही, कारण दोष त्यांचा नाही म्हटल्यावर दुरुस्ती त्यांनी का करावी. मामा आला नाही. मधल्या काळात आजोबा वारले, तेव्हा आई जाऊन आली, पण दोघे पुरुष अंगणाच्या दोन टोकांना बसून राहिले. ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. आईला भाऊ होता, एसटीनं दोन-अडीच तासांवर होता, तरी ती क्वार्टरच्या मागच्या अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची. शेजारच्या डिसोझाबाई एकदा म्हणाल्या की तुमचा भाऊ फारच लांब राहायला गेलाय. आई हसली. पण त्या अकरा वर्षांत आमच्या घरी मासवडी झाली नाही, आणि आप्पांनी ती मागितली नाही. घड्याळ फळीवरून उतरून रेशनकार्डाच्या पत्र्याच्या डब्यात गेलं. ते फेकूनही दिलं गेलं नाही. पुरावा होता तो.

शालनची सुपारी तळेगाव ढमढेऱ्याच्या एका घरात फुटली तेव्हा हा जुना तंटा एकदम चालू विषय झाला. लग्नात भटजी पुकारतात की मुलीच्या मामानं मुलीला घेऊन यावं. मामा तिला बोहल्यापर्यंत आणतो आणि अक्षता पडेस्तोवर तिच्या पाठीशी उभा राहतो. मुलाकडच्यांनी याद्या करताना सहज विचारलं, मामा कोण, काय करतात. आप्पा म्हणाले, शिरूरला असतात, सोसायटीवर आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पाहुणे गेल्यावर आईनं विचारलं की मग निरोप कधी धाडायचा. आप्पांनी उत्तर तयार ठेवलं होतं. मानलेला मामा उभा करायचा. शेजारचे डिसोझा गार्ड शालनला लहानपणापासून ओळखतात, उंच आहेत, फेटा शोभेल. डिसोझांना विचारण्यात आलं आणि ते आनंदानं कबूल झाले. फेटा कुणी बांधून देणार का, एवढंच त्यांनी विचारलं.  त्या आठवड्यात आई रोज शालनच्या केसांना तेल लावत बसायची, आणि एकदा शालनच मला म्हणाली, "कुंदे, भटजी मामाला हाक मारील तवा आई कुठं बघंल गं?" शालन फारशी बोलणारी नव्हती. ते वाक्य मला झोपू देईना, असं लिहिणं सोपं आहे. मी झोपले. पण दुसऱ्या दिवशी पत्र्याचा डबा उघडला.

त्या वर्षी मी कॉलेजला जायला लागले होते आणि जगातले बहुतेक प्रश्न तांत्रिक असतात, असं माझं मत होतं. मामाची अट घड्याळ चालू करायची होती. मग घड्याळ चालू करावं. दौंडच्या स्टेशनसमोरच्या दुकानदारानं ते झाकण न उघडताच परत दिलं. सेलची घड्याळं आल्यापासून त्यानं चावीची घेणं बंद केलं होतं. शिरूरला बाजारपेठेत उस्मानचाचा आहेत, त्यांच्याकडे जा, असं तो म्हणाला, आणि आप्पांना विचारून आणलंस का, असंही त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. न्हावऱ्याच्या आत्याला पत्रिका द्यायच्या निमित्तानं मी घरातून निघाले, आत्याला पत्रिका दिली, त्यामुळे ती थाप नव्हती, आणि तिथून पुढची एसटी शिरूरलाच जात होती म्हणून तिकडं गेले.

उस्मानचाचांचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधल्या फटीत बसवलेलं काचेचं कपाट. कपाटामागं ते मांडी घालून बसायचे आणि उजव्या डोळ्याला भिंगाची काळी नळी अशी अडकवलेली असायची की ती काढल्यावर चेहरा अपुरा वाटे. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. कुणाचं, विचारलं. मी आप्पांचं नाव सांगितलं, दौंडचे. त्यांनी मान हलवली. मागचं झाकण काढून त्यांनी ते ताबडतोब पालथं ठेवलं, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग त्यांनी चिमट्यानं आतलं एक बारीक चाक उचललं आणि नळीतून बघत मला विचारलं की घड्याळ बंद कशानं पडलं म्हणतात घरी. मी दोन्ही पक्षांची बाजू सांगितली. एक पक्ष म्हणतो घड्याळ जुनं होतं, दुसरा म्हणतो चावी जास्त झाली.

"चावीनं घड्याळ मोडत न्हाई," चाचा म्हणाले. "चावी पुरी द्यायची असती. अडली की थांबायचं. स्प्रिंग शाबूत हाय, बघ. पूर्ण भरलेली हाय." मग त्यांनी ते चाक माझ्यापुढं धरलं आणि नळी माझ्या डोळ्याला लावायला दिली. चाकाच्या मधोमध केसाएवढी दांडी होती. तिचं एक टोक निमुळतं होतं आणि दुसरं नव्हतंच. "हे टोक फकस्त एकाच गोष्टीनं मोडतं. घड्याळ पडल्यानं. फरशीवर." ही दांडी पुण्याहून मागवावी लागेल, तेल वाळून गोंद झालंय, सगळं उघडून पेट्रोलमध्ये धुवावं लागेल, पुढच्या बाजारी ये, असं त्यांनी सांगितलं. सुट्या केलेल्या चाकांवर त्यांनी चहाचा ग्लास पालथा घातला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले.

परतीच्या एसटीत मी आरोपीची निश्चिती केली. घड्याळ पडलं असेल तर ते आप्पांच्या हातून पडलं, आणि त्यांनी ते लपवलं. पुरावा नव्हता, पण मी सतरा वर्षांची होते. घरी आले तेव्हा आई परातीत भाकरी थापत होती. स्वयंपाकघरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. डब्यातलं घड्याळ नाहीसं झाल्याचं तिला ठाऊक होतं, कारण तिनं मान वर न करता विचारलं की चालेल का. मी म्हटलं, चालेल. काय मोडलं होतं म्हणाला, तिनं विचारलं. मी म्हटलं की पडल्यानं मोडलंय म्हणे, चावीनं नाही. आईची भाकरी थापायची एक लय होती, आम्ही पोरी ती झोपेतही ओळखायचो. त्या लयीतला एक ठोका चुकला. मग भाकरी पुन्हा नीट फिरू लागली. आप्पांची मुलगी असून मी त्या बद्द आवाजावर काही विचार केला नाही. मी आप्पांवर पाळत ठेवण्यात गुंतले होते.

पुढच्या बाजारी चाचांनी घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं. ते चालत होतं. इतकी वर्षं दोन-दहावर बघितलेले काटे भलतीकडंच होते, आणि सेकंदकाटा पळत होता. मी ते कानाला लावलं. आवाज बारीक, घाईचा होता, पायऱ्या चढून आलेल्या माणसासारखा. मी निघाले तशी चाचांनी थांबवलं. पुढं कधी दुसऱ्या कुणाकडं उघडशील तर तो वाचेलच, म्हणून तू आधी बघ, असं म्हणून त्यांनी मागचं झाकण पुन्हा काढलं, नळी मला दिली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावलं. घड्याळ दुरुस्त करणारा प्रत्येक जण आत सुईनं आपली खूण, महिना आणि साल कोरून ठेवतो, हे मला तेव्हा कळलं. दोन ओळी होत्या. खालची ताजी होती. वरची काळवंडलेली, पण अक्षर तेच, खूण तीच. साल आईच्या लग्नाचं होतं आणि महिना लग्नाच्या दोन महिने आधीचा. म्हणजे कोरं म्हणून दिलेलं घड्याळ लग्नाआधीच याच दुकानात दुरुस्त झालं होतं. मी चाचांकडे बघितलं. ते आपल्या चिमट्याकडे बघत होते.

"वाचता येतंय तर वाचलंस. म्या कायबी बोललो न्हाई," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या घड्याळाचं झाकण उघडणं माझं काम. त्याच्या घरचं न्हाई."

आप्पांनी रागाच्या भरात मारलेला दगड नेमका लागला होता, आणि म्हणूनच मामा इतका भडकला होता. शिरूरच्या बाजारातून मामाच्या मळ्यापर्यंत मी चालत गेले. त्या चालण्यात मी तीन वेगवेगळ्या सुरुवाती तयार केल्या, तिन्ही त्याला उघडं पाडणाऱ्या. मामी मला बघून दारातच गलबलली आणि तिनं शेंगोळ्यांची वाटी हातात दिली. मामा ओट्यावर बसला होता. मी पत्रिका दिली, मग रुमाल सोडून घड्याळ त्याच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, चालू आहे. त्यानं ते कानाला लावलं. मग उलटं करून मागच्या झाकणाकडं बघत राहिला, जरुरीपेक्षा जास्त वेळ. कुणी केलं, त्यानं विचारलं. मी सांगितलं, बाजारपेठेतल्या उस्मानचाचांनी. काय म्हणाला तो, मामानं विचारलं. मी म्हटलं, काहीच बोलले नाहीत. हे खरं होतं. मी धमकी दिली नव्हती. फक्त दुकानाचं नाव सांगितलं होतं, आणि तेही विचारल्यावर. मामानं घड्याळ परत दिलं तेव्हा तो सोसायटीवर निवडून आलेल्या माणसासारखा दिसत नव्हता. सतरा वर्षांच्या माझ्या तिन्ही सुरुवाती तोंडातच राहिल्या. शेंगोळे गरम होते, हेही कारण असेल.

"ताई कशी हाय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, या बघायला. तो म्हणाला, "अट पुरी झाली म्हटल्यावर यायाच लागंल." तो कुणाच्या अटीबद्दल बोलत होता, ते त्यानं स्पष्ट केलं नाही.

तो पाचव्या दिवशी आला. मी आदल्या रात्री आप्पांपुढं घड्याळ ठेवून मामाचा निरोप सांगितला होता. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळानं म्हणाले की ठोका बरोबर पडतोय. कुणी, कसं, कशाला, काही विचारलं नाही. सकाळी आई अंधारात उठून मासवडीचं सारण भाजायला बसली. तिळाचा वास डिसोझांच्या घरापर्यंत गेला आणि डिसोझा येऊन आपल्या फेट्याचं काय ते विचारून गेले. मामा आला, दारात थबकला, पायरी चढला. दोघे मेहुणे समोरासमोर बसले आणि मधे स्टुलावर घड्याळ चालत होतं. सुरुवातीला पावसापाण्याचं बोलणं झालं. मग आप्पा म्हणाले की चांगलं चालतंय, एवढी वर्षं पडून राहूनसुद्धा. मामा म्हणाला, माल चांगला होता. आप्पा म्हणाले, सांभाळलाही चांगलाच होता. मामा म्हणाला, सांभाळला असता तर बंद कशाला पडला असता. आप्पा ताठ झाले. ताटं अजून वाढायची होती. मला दिसत होतं की अकरा वर्षांपूर्वीची गाडी पुन्हा त्याच फलाटाला लागते आहे, आणि माझ्याकडे एका बाजूचं निर्णायक हत्यार आहे. मी तोंड उघडणार होते. शालननं मागून माझी वेणी ओढली.

आई रश्शाचं पातेलं घेऊन आत आली, ते तिनं खाली ठेवलं आणि पदरानं हात पुसले.

"माझ्या हातनं पडलं व्हतं ते," ती म्हणाली. "दिवाळीचं जाळं काढीत व्हते. केरसुणीचा दांडा लागला. दुपारी."

यार्डात कुठंतरी डबे एकमेकांना लागले. दोघे पुरुष आईकडे बघत राहिले. मामा आधी सावरला. तो म्हणाला, "ताई, आन् अकरा वर्सं तू बोलली न्हाईस?"

"मला कुणी इचारलं व्हतं?" आई म्हणाली. "तुमी दोघं एकमेकाला सांगत व्हता, कशानं मोडलं ते. तू चपला घालून निघालास, ह्ये ताटावरनं उठले. मी तबक घेऊन उभी व्हते. माझ्याकडं कोण बघतंय." मग तिनं पळी घेतली. "आता जेवा. निवतंय."

आप्पांनी कुणालाच दोष दिला नाही. त्यांनी अगदी हळू, जणू फक्त खात्री करायची आहे अशा आवाजात विचारलं, "म्हंजी चावीनं न्हाई?" आई म्हणाली, न्हाई. त्या दोन अक्षरांवर त्यांचा चेहरा जसा सुटला, तसा मी पुढं फक्त निर्दोष सुटलेल्या माणसांचा बघितला, कोर्टाच्या बातम्या करताना. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं की आपणच पिळून मोडलं. म्हणूनच ते दुरुस्तीला टाकलं नव्हतं. घड्याळवाला झाकण उघडेल आणि सांगेल, याची त्यांना भीती होती. दुपारच्या दोन-दहाला आप्पा ड्यूटीवर असत आणि घरात फक्त आई असे, हे काटे अकरा वर्षं सांगत होते. ते डब्यातून काढून पाहणाऱ्या माझ्यासकट कुणीच वाचलं नव्हतं.

लग्न तळेगावला मुलाच्या दारात झालं. भटजींनी मामाला हाक मारली. हरिभाऊमामा शालनला घेऊन आला आणि तिच्या मागं उभा राहिला. मी आईकडे बघितलं, शालननं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला. ती कुठंच विशेष बघत नव्हती. तांदूळ मुठीत धरून इतर बायकांसारखी उभी होती. डिसोझांना फेटा बांधलाच होता, म्हणून त्यांना मामाच्या शेजारी उभं केलं. लग्नाच्या फोटोत मुलीला दोन मामा आहेत आणि दुसरा वीतभर उंच आहे. आप्पा मनगट वर धरून मुहूर्ताची मिनिटं मोठ्यानं सांगत होते. घड्याळ चार मिनिटं पुढं होतं, त्यामुळे अक्षता चार मिनिटं आधी पडल्या. शालनचा संसार व्यवस्थित झाला. ही माहिती मुहूर्त पाळणाऱ्यांसाठी.

झाकणातल्या वरच्या ओळीबद्दल मी कुणाला सांगितलं नाही. पुढं वृत्तपत्रात गेले, तिथं बऱ्याच बातम्या रोखल्या, काही वरिष्ठांच्या सांगण्यावरून, काही माझ्या बुद्धीनं. सर्वांत जास्त काळ रोखलेली बातमी हीच. मामा जाऊन सहा वर्षं झाली, आप्पा त्याच्याही आधी गेले. घड्याळ माझ्याकडे आलं आणि कामाच्या रगाड्यात कपाटात पुन्हा बंद पडलं. निवृत्तीनंतर मी दौंडला आईकडे राहायला आले, तेव्हा ते बरोबर आणलं. गेल्या महिन्यात शिरूरला गेले. रांजणगावच्या कंपन्यांच्या बसगाड्या स्टँडसमोर रांगेनं उभ्या होत्या आणि न्हावऱ्याची एसटी वीस मिनिटं त्यांच्यामागं अडकली. काचेचं कपाट अजून त्याच फटीत आहे. आता तिथं उस्मानचाचांचा मुलगा बसतो, पन्नाशीचा. तो मुख्यतः मोबाइलच्या काचा बदलतो आणि गिऱ्हाइकांशी निम्मं हिंदीत बोलतो. घड्याळ उघडल्यावर झाकणातल्या वडिलांच्या दोन ओळी बघून त्यानं त्यांवरून अंगठा फिरवला. ते वाळलेलं तेल होतं, दुसरं काही नाही, असं म्हणाला. पुढच्या आठवड्यात न्यायला गेले, तेव्हा तिसरी ओळ त्याच्या हातची होती.

घरी आल्यावर मी ते आईला दिलं. आईनं ऐंशी ओलांडली आहे, कान मात्र शाबूत आहेत. तिनं घड्याळ कानाशी धरलं. मला वाटलं, आता कुणाचं काही बिघडत नाही, ही बातमी द्यायला हरकत नाही. मी तिला सांगितलं की आजोबांनी आणवलेलं घड्याळ हे नव्हे. हे आधीच दुरुस्त झालेलं होतं, मामानं जुनं दिलं होतं, आणि माझ्याकडे पुरावा आहे.

"म्हाईत हाय," आई म्हणाली. "नवं नदीत गेलं. लगीन दोन दिवसांवर आन् हा मनगटाला बांधून घोडनदीत पवायला उतरला. किती वेळ डोहात बुड्या मारत बसला व्हता. वली विजार दाराआड लपवलेली, ती मीच वाळत टाकली. मग बाजारात गेला आन् दुपारी डबी घेऊन आला. रडून डोळं लाल. एकोणीस वर्सांचं पोर." तिनं घड्याळ दुसऱ्या कानाला लावलं. "आन् ह्ये पहिल्या दिवसापासनं असंच धापा टाकीत चालतंय. नवं घड्याळ असं चालतंय व्हय?"

चाळीस वर्षं मी मामाला लबाड समजत होते. बातमी रोखली होती, पण निकाल देऊन रोखली होती. मी विचारलं, हे तू मला कधी का सांगितलं नाहीस. प्रश्न तोंडातून पडल्यावर त्याचं उत्तर मला आठवलं, आणि तेच ती आता देणार म्हणून मी तयार राहिले. तिनं तेवढेही कष्ट घेतले नाहीत. घड्याळ माझ्यापुढं धरलं आणि म्हणाली की चावी दे, माझ्या बोटांत जोर नाही. मी वळसे देऊ लागले. मनातल्या मनात मोजत होते, हे मला चौदाव्या वळशाला थांबल्यावर कळलं.

"दे अजून," आई म्हणाली. "पुरी दे. त्याला काय व्हत न्हाई."